कॅसेटवहीतला चौथा रकाना



गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून आम्ही शिळफाट्यावर चहाला थांबलो होतो. सोबत वस्तीतली चार-पाच तरुण मुले-मुली होती. त्यांतल्या एका मुलीने विचारले, "काका, तुमच्याकडे जुन्या कॅसेटींची पेटी आहे म्हणतात. त्यातली तुमची सर्वांत आवडती कॅसेट कोणती? आणि तीच का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही लगेच दिले. दुसऱ्याचे देता देता चहा निवला आणि मुलांची कर्जतची लोकल चुकायची वेळ आली. म्हणून या आठवड्याचा मजकूर त्याच प्रश्नावर.

पेटी म्हणजे साधी पत्र्याची ट्रंक. तिच्यात कॅसेटी आहेत आणि एक लांबट वही आहे. हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाला कुठल्याही वस्तूला रकाने पाडल्याशिवाय चैन पडत नाही. पहिला रकाना अनुक्रमांकाचा, दुसरा गायकाचा, तिसरा कॅसेट कुठून आणि केवढ्याला घेतली त्याचा, आणि चौथा गीतकाराचा. पहिले तीन रकाने भरायला अडचण आली नाही. चौथा मात्र निम्म्याहून अधिक ओळींत कोरा आहे. आज जे सांगायचे आहे ते या कोऱ्या रकान्याबद्दलच आहे. पण आधी कॅसेटींची ओळख करून देतो.

आमच्या पिढीच्या घरांत कॅसेट शिरली ती बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, १९९१ साली जन्मशताब्दी झाली, आणि त्या एक-दोन वर्षांत भीमगीतांच्या कॅसेटींचा पूर आला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. शिळफाट्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला घाट चढण्याआधी ट्रक थांबत. द्रुतगती महामार्ग अजून व्हायचा होता. तिथल्या टपऱ्यांवर पानतंबाखूच्या बरोबरीने कॅसेटी लटकलेल्या असत. वरच्या ओळीत हिंदी सिनेमा, मधल्या ओळीत भक्तिगीते आणि तमाशाचे वग, अन् अगदी खालच्या ओळीत निळ्या कव्हरच्या आमच्या कॅसेटी. एप्रिल आला की तीच खालची ओळ वर यायची. दुकानदाराला जात-धर्म नसतो, त्याला हंगाम असतो!

खोपोली ही कारखान्यांची वस्ती. कोणी साताऱ्याकडून आलेला, कोणी सोलापूर-मराठवाड्यातून, कोणी खाली कोकणातून. प्रत्येकाने आपापल्या मुलखातली गाणी बरोबर आणली होती. त्यामुळे एकाच चाळीत एका खोलीत कव्वाली, दुसऱ्या खोलीत पोवाडा आणि तिसऱ्या खोलीत एकतारीवरचे भजन अशी सरमिसळ ऐकू यायची. पुढे गाण्याबद्दल जे काही कळले त्याचा पाया तिथे पडला असे आम्हाला वाटते.

पेटीतली एक नंबरची कॅसेट गाण्याची नाही, ती वंदनेची आहे. त्रिसरण, पंचशील, बुद्धपूजा. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या वाडवडिलांनी धम्म स्वीकारला, परंतु त्यांच्यातल्या कितीजणांना अक्षर येत होते? आमच्या आत्याला सही करता येत नव्हती. पाली तर दूरच. विहारात जे कानावर पडे तेच पाठ होई, आणि प्रत्येक गावात त्याचा उच्चार निराळा होई. वंदनेची कॅसेट घरात आली तेव्हा आत्या सकाळी भाकऱ्या थापताना ती लावून ठेवायची. सहा महिन्यांत तिचे पंचशील इतके शुद्ध झाले की विहारात मोठमोठी शिकलेली माणसे तिच्या मागून म्हणू लागली. एवढ्या एका कारणासाठी आम्ही त्या कॅसेटीला पहिला क्रमांक दिला. रीळ आता पार झिजले आहे. एके जागी आवाज बुडतो आणि पुन्हा वर येतो. आत्याही नाही. पण आमच्या घरातली मुले वंदना म्हणताना त्याच जागी किंचित थांबतात, ही गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्यानंतर प्रल्हाद शिंदे. त्यांच्या आवाजाबद्दल काय लिहावे? तो आवाज माईक नसला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा होता. तार सप्तकात जाऊन ते थांबत, आणि कोरस खालून उचलून घेई, तेव्हा अंगावर काटा येई. परंतु त्यांचे नाव निघाले की आपल्यात एक जुना वाद हमखास निघतो. पंढरीच्या वाटेचे ते प्रसिद्ध गाणे आषाढीला साऱ्या महाराष्ट्रात वाजते, ते याच गायकाचे. देवाला आतातरी पाव अशी आळवणी करणारे दुसरे गाजलेले गाणेही त्यांचेच, आणि त्याचे शब्द हरेंद्र जाधवांचे. हरेंद्र जाधव पेशाने शिक्षक होते. भीमगीतांच्या दुनियेत त्यांचे नाव फार मोठे. २०२१ साली ते गेले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातल्या माणसांनी अशी गाणी का करावीत, असा सवाल आमचे काही कडवे मित्र करतात.

आमचे मत निराळे आहे, ते सांगतो. कॅसेट कंपन्यांना जे खपे तेच त्या मागत. गायकाच्या पोटाला चार मुले आहेत की सहा, हे कंपनी विचारत नसे. आपल्या समाजाने किती कार्यक्रमांना बिदागी वेळेवर दिली, याचाही हिशेब कोणीतरी मांडावा. शिवाय त्याच माणसाने त्याच गळ्याने बाबासाहेबांची गाणी खेडोपाडी नेली. आम्ही त्यांची भक्तिगीते घरात लावत नाही, तो आमचा निश्चय. त्यांना नावे ठेवीत नाही, हाही आमचाच निश्चय. पुढे त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांनी आणि नातू आदर्श यांनी ती गादी चालवली, हे वाचकांना ठाऊकच आहे.

कव्वाली आपल्यात कशी रुजली याचा नव्या मुलांना अचंबा वाटतो. मुंबईच्या चाळींत मुसलमान कव्वाल आणि आपली माणसे भिंतीला भिंत लावून राहत. १९५८ साली आलेल्या 'अल हिलाल' या चित्रपटातली इस्माईल आझाद यांची कव्वाली घराघरांत पोचली आणि टाळ्यांचा तो ठेका सर्वांच्या हातात बसला. आपल्या गायकांनी ठेका घेतला, हार्मोनियम, ढोलक आणि बेंजो घेतला आणि आत शब्द आपले घातले. त्याआधी जलसे होतेच. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. (हे भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा कर्डक वेगळे. दोघे नाशिक जिल्ह्यातले असल्यामुळे आपली शिकलेली मुलेसुद्धा घोटाळा करतात.) सत्यशोधकांच्या जलशाची ही पुढची पायरी होती. आम्ही जलसा डोळ्यांनी पाहिला नाही, पण कव्वालीत तो पुरेपूर उतरला आहे.

आता वामनदादांकडे येऊ. वामन तबाजी कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे गाव. शाळा नाही. मुंबईत मिळेल ती मजुरी केली. मोठेपणी एकाने त्यांच्यापुढे पत्र वाचायला धरले, ते वाचता येईना, तेव्हा डोळ्यांत पाणी आले आणि मग त्यांनी अक्षर गिरवले, अशी हकिकत सांगतात. त्याच माणसाने पुढे हजारो गाणी लिहिली. आमच्या पेटीत त्यांची स्वतःच्या आवाजातली एकच कॅसेट आहे. गळा म्हणाल तर प्रल्हाददादांसारखा नाही. थोडा बसका, थोडा दमलेला. पण शब्द असा ठेवतात की एकही अक्षर गिळले जात नाही. आम्ही ती कॅसेट ऐकताना दुसरे काही काम करीत नाही.

वामनदादांची एक गोष्ट आमच्या चौथ्या रकान्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ते शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. तुकोबांचा 'तुका', चोखोबांचा 'चोखा', तसा यांचा 'वामन'. संतांच्या अभंगात त्याला नाममुद्रा म्हणतात. पूर्वी आम्हाला वाटे, ही नुसती रीत आहे. वही भरायला लागल्यावर उमगले की ते गरिबाचे रजिस्ट्रेशन आहे. ज्याला छापखाना नाही, वकील नाही, ज्याचे गाणे दहा तोंडांनी दहा गावांत जाणार, त्याने आपले नाव ठेवावे कुठे? गाण्याच्या पोटात ठेवावे. कॅसेटीच्या कव्हरवर गायकाचा फोटो, कंपनीचा शिक्का आणि किंमत असे. गीतकाराचे नाव कधी बारीक अक्षरांत, कधी मुळीच नाही. परंतु वामनदादांचे गाणे कोणत्याही कंपनीने काढो, शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकले की आमचा चौथा रकाना भरतो. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि पुढच्याच जून महिन्यात प्रल्हाददादा गेले. त्या वर्षी आम्ही वहीत तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या आहेत.

शेवटचे कडवे मात्र सगळीकडे शाबूत राहत नाही. कॅसेटीची एक बाजू साधारण अर्ध्या तासाची. तेवढ्यात चार-पाच गाणी बसवायची, म्हणजे कडवी छाटली जातात, आणि कात्री पहिल्यांदा लागते ती शेवटच्या कडव्याला.

आमच्या तालुक्यातले एक गृहस्थ होते. त्यांचे नाव घरच्यांच्या इच्छेवरून लिहीत नाही. कारखान्यात तीन पाळ्यांत काम करीत आणि रात्रपाळीला कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गाणी लिहीत. नव्वदच्या दशकात एका गायन पार्टीमार्फत त्यांची आठ गाणी एका कंपनीकडे गेली. हातावर एकरकमी थोडे पैसे आणि एका कागदावर सही. कॅसेट निघाली, बऱ्यापैकी चालली. कव्हरवर त्यांचे नाव नव्हते. त्यांनी शेवटच्या कडव्यात नाव गुंफले होते, पण आठांपैकी सहा गाण्यांची शेवटची कडवी जागेअभावी गेली. उरली दोन. त्यांतल्या एकात गायकाने त्यांच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव बसवले, कारण मात्रा जुळत होत्या! ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेले असता त्यांनी आपलीच कॅसेट स्टॉलवर रोख पैसे देऊन विकत घेतली. तक्रार केली नाही. "बाबासाहेबांचं नाव पोचलं ना," एवढेच म्हणत. ते आता हयात नाहीत. त्यांच्या नातवाने त्यातले एक गाणे मोबाईलमध्ये ठेवले होते. गाणे आपल्या आजोबांचे आहे हे त्याला आम्ही सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. मग आम्ही दोघांनी त्यांची जुनी वही काढून शब्द पडताळून पाहिले. कापलेली सहाही कडवी तिथे आहेत.

त्या गृहस्थांचा मोठेपणा आम्ही मान्य करतो, पण त्यांच्या समाधानाशी आम्ही सहमत नाही. बाबासाहेबांचे नाव पोचावे आणि ते पोचवणाऱ्याचे नाव पुसावे, ही काही बाबासाहेबांची शिकवण नव्हे. कायदाही तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. हक्क विकला तरी 'हे माझे' म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा अधिक पक्का करण्यात आला. आपल्या किती गीतकारांच्या घरी हे माहीत आहे? म्हणून निदान जुनी करारपत्रे, पावत्या आणि हस्तलिखिते रद्दीत घालू नका, एवढे आमचे त्या घरांना सांगणे आहे.

आता आमच्या सर्वांत आवडत्या कॅसेटीबद्दल. ती कुठल्याही कंपनीची नाही. ती आमच्या चुलत्यांनी कोऱ्या कॅसेटीवर घरच्या टेपने भरलेली आहे. जयंतीनिमित्त आमच्या भागात रात्रभर कव्वालीचा मुकाबला झाला होता. एका बाजूला पुरुष गायक, दुसऱ्या बाजूला गायिका. चुलत्यांनी टेप मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बैठक मारली आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने बाजू बदलत चार कॅसेटी भरल्या. त्यांतल्या दोन खालापूरच्या पावसाने खाल्ल्या, दोन उरल्या.

त्या ऐकाव्यात म्हणजे काय असते ते कळेल. गाण्याच्या मागे जनरेटरची घरघर आहे. कुठेतरी कुत्रे भुंकते. घाट उतरून आलेला ट्रक लांबलचक हॉर्न देतो आणि गायिका त्या हॉर्नचा सूर पकडून पुढची ओळ उचलते, तेव्हा लोक जो हंशा पिकवतात तो कोणत्या स्टुडिओत मिळायचा? मधूनच गाणे थांबते आणि निवेदक जाहीर करतो की अमक्याकडून पार्टीला पाच रुपये बक्षीस. आज त्या बक्षिसे देणाऱ्यांपैकी बहुतेकजण नाहीत. त्यांचे आवाज नाहीत, फोटो नाहीत, पण त्यांची नावे आमच्या कॅसेटीत आहेत.

मुकाबला सवाल-जवाबाचा असे. एकाने विचारायचे, चवदार तळ्याचे पाणी कोणत्या दिवशी चाखले? दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचे, २० मार्च १९२७. मनुस्मृती कधी जाळली? २५ डिसेंबर, त्याच सालची. काळाराम मंदिराचा सत्याग्रह कधी सुरू झाला? २ मार्च १९३०. पुणे करार? २४ सप्टेंबर १९३२. महाड तर आपल्याच जिल्ह्यात, पण आमच्या शाळेच्या पुस्तकात त्या दिवसाला दोन ओळी होत्या. तारखा पाठ झाल्या त्या या मुकाबल्यांतून. इतिहासाच्या पेपरात आम्हाला जे मार्क मिळत, त्यांतले काही ढोलकवाल्याचे होते.

आणि ही कॅसेट पहिल्या नंबरची आवडती का, तर तिच्या दोन्ही कॅसेटींत आमचा चौथा रकाना पूर्ण भरलेला आहे. स्टेजवर रिवाज होता. प्रत्येक गाण्याआधी गायक गळा साफ करून सांगे, हे गीत अमक्यांचे, राहणार अमके गाव. समोर बसलेल्यांतच कधी गीतकार असे, मग तो उठून हात जोडी आणि टाळ्या पडत. कंपनीच्या कॅसेटीत हे बोलणे बसत नसे, ते कापून टाकले जाई. त्यामुळे नीट रंगीत कव्हराची कॅसेट मुकी आणि घरगुती घरघरणारी कॅसेट बोलकी, असा उलटा प्रकार झाला आहे.

घरातल्या बायकांची आवड विचाराल तर त्यांची कॅसेट वेगळी. सुषमादेवी, शकुंतला जाधव, वैशाली शिंदे यांच्या आवाजातली रमाईची गाणी. आमच्या वहिनी सांगतात की, त्या गाण्यांत गोवऱ्या, रॉकेल, मुलांचे आजारपण आणि परदेशी असलेल्या नवऱ्याची वाट हे सारे येते. भाषणात रमाई त्यागमूर्ती असते, गाण्यात ती बाईमाणूस असते. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. बाबासाहेबांनी १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. तो ग्रंथ आमच्या वस्तीत किती घरांत वाचला गेला असेल ते सांगायला नको, पण रमाईची कॅसेट नाही असे घर नव्हते. मुलीच्या मंगल परिणयात भांड्याकुंड्यांबरोबर ती कॅसेट देणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

बायकांच्या गाण्यावरून जात्यावरच्या ओव्यांची आठवण झाली. आपला घाट चढून गेले की मावळ आणि मुळशी. तिथल्या खेड्यांत हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी वर्षानुवर्षे फिरून बायकांच्या ओव्या गोळा केल्या, पुढे महाराष्ट्रभरातून त्या जमवल्या गेल्या. एक लाखाहून अधिक ओव्या झाल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेने त्या आवाजासह लोकांपुढे ठेवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्याही आहेत. त्यात आम्हाला सर्वांत काय आवडले असेल तर प्रत्येक ओवीजवळ गाणारणीचे नाव आणि गावाचे नाव लिहिलेले आहे. म्हणजे दळणाऱ्या बाईचा चौथा रकाना भरला. स्टुडिओत गेलेल्या आपल्या गीतकाराचा मात्र कोरा राहिला.

ध्वनिमुद्रण झाले नाही तर काय होते आणि झाले तर काय उरते, याचे एक दुःखद उदाहरण आपल्या सर्वांच्या मनात आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी त्यांचे गाणे १९८५ च्या 'बॉम्बे : हमारा शहर' या माहितीपटात टिपून ठेवले होते. पुढे चौदा वर्षे खपून त्यांनी 'जय भीम कॉम्रेड' केला, तो २०११ साली पुरा झाला. घोगऱ्यांचा आवाज आज ऐकू येतो तो असा. शाहीर विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर स्टेजवरच कोसळले आणि गेले. आमच्या पेटीत उमपांच्या दोन कॅसेटी आहेत. त्यांचा आवाज डोंगरातून यावा तसा येतो, एवढेच म्हणतो. त्यांच्याविषयी स्वतंत्र लिहायचे आहे.

आता काही वाचक म्हणतील की, मोबाईलवर सगळे मिळते, पेटी कशाला सांभाळता? मिळते हे खरे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांची एकतारीवरची गाणी मोबाईलनेच घरोघर पोचवली, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. मद्रासकडे पा. रंजित आणि तेनमा यांच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या वाद्यवृंदाने २०१८ मध्ये चांगला अल्बम काढला, पंजाबात गिन्नी माही गाते, हेही आमच्या मुलांनी मोबाईलवरच ऐकवले. भाषा कळली नाही तरी 'आंबेडकर' शब्द आला की आमच्या घरातले लहान मूलही मान वर करते. परंतु मोबाईलवर गाणे चढवणारा माणूस वर स्वतःचे नाव आणि खाली स्वतःचे चॅनेल लिहितो. आमच्या गृहस्थांचे ते गाणे आम्हाला तीन ठिकाणी सापडले. तीन ठिकाणी तीन नावे, त्यांतले एकही त्यांचे नाही.

डीजेबद्दल फार लिहीत नाही. भिंतीएवढे स्पीकर लावून शब्द ऐकूच येणार नाहीत अशी व्यवस्था आपण पैसे मोजून करतो. छाती दणाणते, पण वामनदादांनी मोठ्या कष्टाने ठेवलेले अक्षर कुठे जाते? जयंती कमिटीच्या तरुणांना आमची एकच सूचना आहे. मिरवणूक तुमच्या मनाप्रमाणे काढा, पण रात्री एक तास हार्मोनियम-ढोलकवर गाणे ठेवा, आणि प्रत्येक गाण्याआधी गीतकाराचे नाव पुकारा. जुना रिवाज आहे, खर्च काही नाही.

कॅसेटी कशा वाचवायच्या ते मुलांनी विचारले होते, ते लिहितो. आपल्याकडच्या पावसात रिळावर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट एकदम टेपमध्ये घालू नका, हेडला घाण लागून दुसऱ्या कॅसेटी खराब होतात. आधी चार दिवस कोरड्या डब्यात ठेवा, मग हाताने पेन्सिलीने हळूहळू एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवा. टेपचे हेड कापसाला स्पिरिट लावून पुसा. कॅसेटीच्या वरच्या काठावरच्या दोन लहान खाचा फोडल्या नसतील तर आधी फोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे रेकॉर्ड होणार नाही. त्यानंतर टेपच्या इयरफोनच्या भोकातून वायर लावून कॉम्प्युटरमध्ये भरता येते. त्या मुलीने आणि तिच्या भावाने हे काम शिकून घेतले आहे आणि आतापर्यंत अकरा कॅसेटी उतरवल्या आहेत. बक्षिसांच्या घोषणा आणि कुत्र्याचे भुंकणे कापायचे नाही, अशी त्यांना सक्त ताकीद आहे.

कर्जत-खालापूर भागात ज्यांच्या घरी जयंतीच्या कार्यक्रमांत भरलेल्या घरगुती कॅसेटी असतील त्यांनी त्या रविवारी वंदनेनंतर विहारात आणाव्यात. तुमच्यासमोर उतरवून तुमची कॅसेट तुम्हाला परत मिळेल. बरोबर घरातले एखादे जुने जाणते माणूस आणले तर फार बरे. रीळ उतरवायला यंत्र पुरते, पण 'हे गाणे कोणी लिहिले' हे यंत्र सांगत नाही. मागच्या रविवारी वावोशीकडच्या एका आजींनी नुसते ऐकून सात गाण्यांची नावे सांगितली. वहीत अनुक्रमांक बावीस, एकतीस आणि अठ्ठावन्न यांपुढचा चौथा रकाना त्यामुळे भरला आहे.